मूस रानात कसा तगतो? ॲल्गॉन्क्विनला पहिल्यांदा जाणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी

कॅनडात नव्याने आलेली मराठी कुटुंबं पहिल्या उन्हाळ्यात नायगारा करतात. पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणतं, "आता मूस बघायला जाऊ." टोरोंटोहून उत्तरेला तीनेक तास गाडी चालवली की ॲल्गॉन्क्विन प्रांतिक उद्यान लागतं. १८९३ साली स्थापन झालेलं हे उद्यान साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. त्यातून जाणाऱ्या हायवे ६० वर मूस, म्हणजे हरणांच्या कुळातला अवाढव्य प्राणी, दिसतो, लोक फोटो काढतात आणि परततात. एवढा मोठा प्राणी जानेवारीत, उणे तीस अंशांत, बर्फाखाली गेलेल्या रानात काय खाऊन जगतो, हे विचारायचं राहूनच जातं.

हा लेख तेवढ्यासाठी आहे. मंडळीतल्या कुणाला संडे स्कूलच्या मुलांना किंवा युवक संघाला तिकडे न्यायचं असेल, तर त्यांच्या जास्त उपयोगी पडेल.

माझी भूमिका आधीच सांगतो. मूस देवाने निर्माण केला आणि देवच त्याला पोसतो, असा माझा विश्वास आहे. निर्मितीला किती काळ लागला, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले सहा दिवस कसे वाचायचे, यावर ख्रिस्ती लोकांत वेगवेगळी मतं आहेत. तो वाद इथे काढत नाही. देव पोसतो म्हणजे प्रत्यक्षात काय घडतं, हे मात्र मूसकडे वर्षभर नीट पाहिलं की कळू लागतं. त्याला रोज पंचपक्वान्न मिळत नाही. वर्षातला मोठा काळ तो अर्धपोटी असतो. तरीही तगतो, कारण ती अर्धपोटी राहण्याची सोयही त्याच्या शरीरात केलेली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

पायरी १: निघण्याआधी चार उतारे वाचा

स्तोत्र १०४, ईयोबाचे ३८ आणि ३९ हे अध्याय, उत्पत्ती १:२४ ते ३१ आणि रोमकरांस पत्र ८:१९ ते २२. एका बैठकीत वाचून होतात.

बायबलमध्ये मूसचं नाव शोधू नका. तो उत्तरेकडच्या थंड रानांतला प्राणी, पवित्र शास्त्रातल्या देशांत तो नव्हताच. सांबर, हरिणी, रानबकऱ्या भेटतील. ईयोबाचा एकोणचाळिसावा अध्याय मात्र सावकाश वाचा. ईयोब सर्वस्व गमावून बसलाय, देवाला जाब विचारतोय, आणि देव त्याला विचारतो की रानबकऱ्या कधी वितात हे तुला ठाऊक आहे का, त्यांचे महिने तू मोजलेस का. बहुतांशी माणसाच्या काडीच्याही उपयोगाची नसलेली जनावरं देव एकेक करून त्याच्यापुढे उभी करतो. त्यांच्यावर माझं लक्ष आहे, एवढंच सांगतो. रानात जाताना हे मनात असलं की नजर बदलते. मूस आपल्याला दिसावा म्हणून तिथे नाही. आपण गेलो नाही तरी त्याचं आयुष्य चालूच असतं, आणि ते देवासमोर चालू असतं.

पायरी २: त्याचं शरीर ओळखा

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. अलास्कातला मोठा नर सातशे किलोंच्या आसपास जाऊ शकतो. खांद्यापाशी उंची दोन मीटरच्या घरात. ताडोबात सांबर पाहिलेल्यांना हरीण म्हणजे केवढं याचा अंदाज असतो, तो इथे मोडतो. युरोपात याच प्राण्याला एल्क म्हणतात, आणि अमेरिकेत एल्क म्हटलं की दुसरंच हरीण समजतात. वाचताना गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवलं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो बेढब वाटतो. पाय फार लांब, शेपूट जवळजवळ नाहीच, खांद्यावर वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, नाक भलंमोठं आणि पुढे ओघळलेलं. मुलं हसतात. हसू द्या, मग एकेक अवयव दाखवा.

पायांपासून सुरुवात करा. गुडघाभर बर्फात इतर हरणं अडकतात, मूस चालत राहतो. बर्फ साठ-सत्तर सेंटिमीटरच्या वर गेला की त्यालाही जड जाऊ लागतं आणि नव्वदच्या पुढे हिंडणं फार महाग पडतं. पण तोवर इतर बहुतेक जण हरलेले असतात. खूर दुभंगलेले असून टेकताना फाकतात, आणि मागच्या बाजूची दोन लहान खुरंही चिखलात टेकतात. त्यामुळे दलदलीत एवढं वजन घेऊनही तो रुतत नाही.

मग केस. वरचे लांब केस आतून पोकळ असतात, त्यांत हवा कोंडलेली असते. थंडीत तीच हवा ऊब धरते आणि पोहताना तरंगायला मदत करते. मूस पट्टीचा पोहणारा आहे. तळ्यांमधून मैलोगणती जातो आणि तळाच्या वनस्पतींसाठी पाण्याखाली बुडीही मारतो. तेव्हा नाकपुड्या मिटून घेतो. ते ओघळलेलं नाक अशा वेळी कामाला येतं.

तोंडाकडे पाहा. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत. वरचा ओठ लांब, लवचीक आणि पकड घेणारा. त्या ओठाने तो फांदी धरतो, खालच्या दातांवर दाबतो आणि ओढून तोडतो. पुढे काम पोटाचं. गाईसारखंच चार कप्प्यांचं पोट, त्यात असंख्य सूक्ष्मजीव. काटक्यांमधलं लाकूड कोणतंही सस्तन जनावर स्वतःच्या बळावर पचवू शकत नाही. ते काम हे जीव करतात आणि मूस निवांत बसून रवंथ करतो. मला या रचनेत निर्मात्याचा हात दिसतो. शेजारी बसलेल्या अभ्यासकाला कदाचित दिसणार नाही, पण पोट कसं चालतं याबाबत आमच्यात मतभेद होणार नाही. मुलांना हे दोन्ही सांगावं, असं माझं मत आहे.

डोळे तेवढे तेज नाहीत. कान आणि नाक फार तीक्ष्ण. कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. म्हणून तुम्ही झाडासारखे स्थिर उभे असाल तरी वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर तुम्ही आल्याचं त्याला कधीच कळलेलं असतं.

पायरी ३: त्याचं वर्ष हिवाळ्यापासून मोजा

आपण उन्हाळ्यात जातो म्हणून आपल्याला भरल्या रानातला मूस दिसतो. त्याला समजून घ्यायचं तर सुरुवात डिसेंबरापासून करा.

पानं गळून गेलेली. उरतात त्या वाळुंज, भूर्ज, मेपल, ॲस्पेन यांच्या बारीक काटक्या आणि बाल्सम फरची सदाहरित सुई-पानं. काटकी हे निकृष्ट खाणं आहे. पोट भरतं, पण अंगी फारसं लागत नाही. त्यामुळे हिवाळाभर मूसचं वजन घटतच जातं. यावर उपाय म्हणजे खर्च कमी करणं. तो कमी हिंडतो, कमी खातो, शरीराची आतली गतीही मंदावते. दाट सुचिपर्णी झाडांखाली बर्फ कमी साचतो, वारा लागत नाही, तिथे तो बसून राहतो आणि शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. नरांची शिंगं याच दिवसांत गळतात. वीस-पंचवीस किलोंचं ते ओझं कडक थंडीत डोक्यावरून उतरतं.

थंडीचं त्याला फारसं काही वाटत नाही. आपल्याला उलट वाटतं, पण त्याचा शत्रू उष्मा आहे. हिवाळी केसांत असताना तापमान उणे पाचच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. उन्हाळ्यात चौदा अंशांच्या वर श्वास वाढतो, आणि वीस अंशांना तो धापा टाकू लागतो. कॅनडात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासातले हे आकडे आजही वापरले जातात. पुण्यात वीस अंशांना आपण स्वेटर काढतो कपाटातून! म्हणून जुलैच्या दुपारी मूस शोधायला निघू नका. तो सावलीत असतो किंवा पाण्यात.

हिवाळ्याच्या खुणा मे महिन्यातही वाचता येतात. पायवाटेच्या कडेला खुरटलेली झुडपं दिसली की वाका आणि काटकीचं टोक जवळून पाहा. टोक फाटलेलं, तुसं निघालेलं असेल तर ते मूस किंवा दुसऱ्या हरणाचं काम, कारण वरचे दात नसल्याने काटकी ओढून तोडलेली असते. सुरीने तिरकं छाटल्यागत स्वच्छ टोक असेल तर तिथे ससा येऊन गेला. मग उंची बघा. माणसाच्या डोक्याच्या वर तोडलेल्या फांद्या दिसल्या, किंवा मनगटाएवढं रोपटं मधोमध वाकवून मोडलेलं दिसलं, तर शंकाच नको. शेंडा खाण्यासाठी मूस रोपट्यावर छाती टाकून ते खाली आणतो. जवळच हिवाळ्यातल्या लेंड्या पडलेल्या असतील. सुकलेली लेंडी काडीने फोडा. आत जवळजवळ भुसाच असतो, दाबून बसवलेला. चार महिने त्याने कशावर काढले, ते मुलांना एका लेंडीत कळतं.

मार्च-एप्रिल हा सर्वांत वाईट काळ. चरबी संपत आलेली, नवी पालवी अजून फुटायची. लहान आणि म्हातारी जनावरं याच आठवड्यांत पडतात.

मग मे उजाडतो. कोवळी पानं येतात आणि त्याचबरोबर एक वेगळीच भूक. हिवाळ्यातल्या काटक्यांत मीठ जवळजवळ नसतं, सोडियमसाठी शरीर आसुसलेलं असतं. पाण्यातल्या वनस्पतींत जमिनीवरच्या झाडपाल्याच्या अनेक पटींनी सोडियम असतं, पण त्या वर यायला जून उजाडतो. मधल्या काळात मूस हायवे ६० च्या कडेच्या चरांतलं पाणी प्यायला येतो. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ वाहून तिथे साचलेलं असतं. मे आणि जूनमध्ये हायवेवरून मूस हमखास दिसायचं हे कारण. पश्चिमेकडे जॅस्पर उद्यानात तर "मूसला गाडी चाटू देऊ नका" असे फलक लावावे लागले होते, कारण गाड्यांना लागलेलं मीठ चाटायला मूस येत होते.

जून-जुलैत तो पाण्यात उतरतो. कमळाच्या जातीची झाडं, त्यांची मुळं, पाणगवत. म्हैस डबक्यात डुंबते तसा तासन्तास पाण्यात उभा राहतो. मीठ मिळतं, अंग गार होतं, माश्या टळतात. एका दिवसात वीस-पंचवीस किलो ओला पाला पोटात जातो. नरांची नवी शिंगं याच काळात वाढतात. एप्रिलमध्ये कोंब फुटतो आणि ऑगस्टअखेर पूर्ण वाढ होते. वाढणाऱ्या शिंगावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. खनिजं आहारातून पुरत नाहीत तेव्हा शरीर ती स्वतःच्या हाडांतून उसनी घेतं आणि पुढे भरून काढतं. मोठ्या नराच्या शिंगांचा विस्तार दीड मीटरच्याही पुढे जातो, आणि हे सगळं पाच महिन्यांत उभं राहतं.

सप्टेंबरात कातडी झडते आणि नर माजावर येतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा जोर. मोठा नर या काळात सुमारे दोन आठवडे खाणं जवळपास सोडतो. हिवाळा तोंडावर असताना!

स्तोत्र १०४ मध्ये म्हटलंय की सगळे प्राणी देवाकडे आशेने पाहतात आणि तो त्यांना यथाकाळी अन्न देतो. हे वचन आपण जेवणाआधी म्हणतो आणि "अन्न देतो" यावर थांबतो. मूसचं वर्ष पाहिल्यापासून मी "यथाकाळी" या शब्दावर थांबायला लागलो. अन्नाला काळ आहे. काळ नसताना तगण्याची व्यवस्था वेगळी आहे, आणि तीही त्याच हातांनी केलेली आहे.

पायरी ४: आई आणि पाडस

मादी साधारण आठ महिने गाभण असते. म्हणजे सगळा उपासाचा हिवाळा पोटात पाडस घेऊन काढते. मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत विते. एक पाडस, खाणं चांगलं मिळालं असेल तर जुळं. जागा निवडताना ती बऱ्याचदा तळ्यातलं बेट किंवा पाण्यात घुसलेला जमिनीचा सुळका पसंत करते, कारण अस्वल आणि लांडगे तिथे सहज पोचत नाहीत.

पाडस जन्मतः तेरा ते सोळा किलोंचं, तांबूस-तपकिरी. चितळाच्या पाडसासारखे ठिपके नसतात. काही दिवसांत ते आईमागे पळू आणि पोहू लागतं आणि दिवसाला किलोभर वाढतं. त्याला घाई आहे, पहिला बर्फ यायच्या आत आईमागे चालण्याइतके पाय लांब व्हायला हवेत. पुढच्या वसंतात, नवं पाडस व्हायच्या बेतात असताना आई त्याला हाकलून लावते. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला एकटं, भांबावलेलं, अर्धवट वाढलेलं मूस दिसलं तर ते बहुधा असंच वर्षाचं पोर असतं. त्याला "हरवलेलं" समजून मदत करायला जाऊ नका. आणि अगदी लहान पाडस एकटं दिसलं तर त्याच्याजवळ तर अजिबात जाऊ नका. आई जवळच असते आणि ती आपल्याला शत्रू समजते.

पायरी ५: लांडगा आणि गोचीड टाळू नका

संडे स्कूलच्या पुस्तकांत निर्मितीचं चित्र गोड असतं. कमळं, पाडस, सूर्योदय. माझी विनंती आहे की मुलांना पुढचंही सांगा, कारण ती मोठी झाल्यावर दुसऱ्या कुणाकडून ऐकणारच आहेत, आणि तेव्हा त्यांना वाटेल की आपण लपवलं.

सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं अमेरिकेचं बेट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मूस पोचले आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी गोठलेल्या सरोवरावरून लांडगे चालत आले. १९५८ पासून तिथे मूस आणि लांडगे यांचा अभ्यास अखंड चालू आहे. शिकारी आणि शिकार यांचा जगात इतका दीर्घ अभ्यास दुसरा नाही. त्यातून दिसलं ते असं: लांडगे मुख्यतः पाडसं आणि म्हातारी जनावरं मारतात. भर वयातलं मूस पाय रोवून उभं राहिलं की टोळी बहुतेक वेळा नाद सोडते. त्याच्या पुढच्या पायाची लाथ लांडग्याची बरगडी मोडू शकते. पळणारं मूस जास्त धोक्यात असतं. संशोधकांनी वर्षानुवर्षं मेलेल्या मूसची हाडं गोळा केली, तेव्हा म्हाताऱ्या जनावरांत संधिवात आढळला, आणि लहानपणी उपासमार झालेल्यांत तो जास्त होता.

लांडगे कमी झाले तर मूस सुखी होतील असं वाटतं ना? १९९० च्या दशकाच्या मध्यात लांडगे थोडे होते आणि मूस वाढत वाढत दोन हजारांच्या वर गेले. त्यांनी बेटावरची बाल्सम फरची रोपं ओरबाडून टाकली. १९९६ चा हिवाळा कडक निघाला, वसंत लांबला, गोचिडांचा कहर झाला आणि बहुतेक कळप उपासमारीने मेला. पुढे जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहिल्याने लांडगे अवघ्या दोनावर आले, मूस पुन्हा दोन हजारांपर्यंत वाढले, तेव्हा उद्यानाने २०१८ आणि २०१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडले.

स्तोत्र १०४ मध्ये सिंहाचे छावे गर्जना करून देवापाशी आपलं भक्ष्य मागतात. म्हणजे लांडग्याचं जेवणही त्याच पोशिंद्याच्या हिशेबात आहे. त्याच स्तोत्रात पुढे म्हटलंय की तो श्वास काढून घेतो आणि ते मातीला मिळतात. उत्पत्ती १:३० मध्ये मात्र सगळ्या पशूंना हिरवा पाला अन्न म्हणून दिलेला आहे. हे दोन उतारे एकमेकांशी कसे जुळवायचे यावर मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या विचार झालाय. मुलांना वयाप्रमाणे सांगा, पण एकच उतारा वाचून दुसरा मिटवू नका.

गोचिडाचं सांगताना मला स्वतःला जड जातं. हिवाळी गोचिडाची पिल्लं सप्टेंबर-ऑक्टोबरात झुडपांच्या शेंड्यांवर झुबक्यांनी बसून राहतात आणि जाणाऱ्या मूसच्या अंगावर चढतात. मग सगळा हिवाळा रक्त पितात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर आणि मेन या राज्यांत २०१४ ते २०१६ दरम्यान अभ्यासकांनी पाडसांवरची गोचिडं मोजली. सरासरी एका जनावरावर सत्तेचाळीस हजारांहून अधिक. त्या तीन वर्षांत अभ्यासातली सुमारे सत्तर टक्के पाडसं मेली. खाज सहन न होऊन मूस झाडांवर अंग घासतो, केस झडतात, उरलेल्या तुटक्या केसांची पांढरी बुडं दिसू लागतात. असं पांढरट, हाडं निघालेलं मूस एप्रिलमध्ये ॲल्गॉन्क्विनमध्येही दिसू शकतं.

यात आपलाही हात आहे. बर्फ लवकर पडला की शरदातली गोचिडं मरतात, आणि एप्रिलमध्ये गळून पडलेल्या माद्या बर्फावर पडल्या तर त्याही मरतात. हिवाळा आखूड झाला की दोन्हीकडून गोचिडांचं फावतं. हवामान तापलंय, आणि ते माणसांनी तापवलंय. रोमकरांस पत्रात सारी सृष्टी कण्हत असल्याचं म्हटलंय. ते वाक्य मी फार वर्षं अलंकारिक समजून वाचलं. आता त्याला मला एक चेहरा दिसतो, आणि "पृथ्वीवर सत्ता चालवा" या आज्ञेचा अर्थ राखणदारी असाच घ्यायला हवा, हे मी मंडळीत ठामपणे बोलतो.

पायरी ६: प्रत्यक्ष जाणं

दिवसाचा परवाना आगाऊ ऑनलाइन घ्या. सप्टेंबरअखेर पानांचे रंग बघायला गर्दी उसळते आणि परवाने संपतात. हायवे ६० वर पश्चिम दरवाजापासून किलोमीटरचे फलक आहेत, सगळ्या जागा त्यांवरूनच सांगतात.

रस्त्यावरून बघायचं तर मेचा मध्य ते जूनचा मध्य, पहाटे किंवा संध्याकाळी. चालायची तयारी असेल तर मिझी लेकची पायवाट, सुमारे अकरा किलोमीटर, नऊ तळ्यांच्या काठाने जाते. लहान मुलं असतील तर बेचाळिसाव्या किलोमीटरजवळचा स्प्रूस बॉगचा दीड किलोमीटरचा फेरा पुरे. तिथे फळ्यांवरून चालत दलदल बघता येते. जुलैत पहाटे ओपिओंगो तळ्याजवळच्या कॉस्टेलो ओढ्यात कनू (लहान निमुळती होडी) घालून शांतपणे वल्हवलं तर पाण्यात चरणारा मूस दिसायची चांगली शक्यता असते. मूस दिसलाच नाही तर त्रेचाळिसाव्या किलोमीटरच्या अभ्यागत केंद्रात जा. तिथलं प्रदर्शन चांगलं आहे आणि मुलांचा हिरमोड होत नाही.

मे-जूनमध्ये काळ्या माश्या असतात. या चावतात, आणि कानामागे, केसांच्या कडेला रक्त येईपर्यंत चावतात. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावर जाळी, पँट मोज्यांत खोचलेली. परतल्यावर अंगावर गोचीड तपासा. माणसाला लागणारी जात वेगळी आहे, पण ऑन्टारिओत तीही आहे.

पायरी ७: अंतर आणि इशारे

किमान तीस मीटर. कॅनडाची राष्ट्रीय उद्यानं हरणांच्या कुळासाठी एवढं सांगतात, इथेही तेच पाळा. पाडसासोबतची मादी किंवा ऑक्टोबरातला नर असेल तर त्याहून बरंच जास्त. अस्वलाला आपण घाबरतो आणि मूसला गाय समजतो, पण अलास्कात अस्वलांपेक्षा मूसकडून जास्त माणसं जखमी होतात.

कान मागे पडले, मानेवरचे आणि वशिंडावरचे केस उभे राहिले, ओठ चाटायला लागला, तर तुम्ही आधीच फार जवळ आहात. हळूच मागे सरका. तो धावून आलाच तर पळा. अस्वलापुढे पळू नये हा नियम इथे लागू नाही. मोठ्या झाडाच्या किंवा गाडीच्या आड जा. पडलात तर अंग मुडपून डोकं हातांनी झाका आणि तो दूर जाईपर्यंत हलू नका. कुत्रा नेला असेल तर दोरीवर ठेवा. मूसच्या डोळ्यांना तो लांडगाच असतो.

खायला काही देऊ नका, अगदी सफरचंदही. माणसाकडून खायची सवय लागलेलं मूस पुढे माणसावर धावतं आणि मग गोळीला बळी पडतं. नीतिसूत्रांत धार्मिक माणूस आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो असं म्हटलंय. रानातल्या पशूच्या बाबतीत ती काळजी हात मागे घेऊनच होते.

पायरी ८: परतीचा रस्ता

सगळ्यांत मोठा धोका इथे आहे. अंधारात मूस जवळजवळ दिसत नाही. रंग गडद, आणि डोळे इतके उंच की गाडीच्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर पडून चमकत नाही. धडक बसली की पाय गाडीखाली जातात आणि पाचशे किलोंचं धड थेट काचेवर येतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर १९०४ साली फक्त चार मूस आणून सोडले होते, आज तिथे लाखाच्या घरात आहेत आणि दरवर्षी शेकडो अपघात होतात.

म्हणून शक्यतो उजेड असतानाच उद्यानाबाहेर पडा. जमलं नाही तर वेग मर्यादेच्या खाली ठेवा आणि शेजारी बसलेल्याला फक्त रस्त्याच्या कडा बघायचं काम द्या. मूस बघायला थांबायचं असेल तर गाडी पूर्णपणे कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, वळणावर थांबू नका आणि मुलांना गाडीतच बसवा. मूस रस्ता ओलांडून झाडीत गेला तरी लगेच निघू नका. मादी असेल तर मागून पाडस येतं, जुळी असतील तर दोन, आणि दुसरं बऱ्याचदा थोडं मागे रेंगाळलेलं असतं.